शालीवरची तांबडी मुंगी

आमच्या मालवणी मुलखात शाल ही पांघरायची वस्तू नाही. थंडी पडलीच तर चार दिवस पडते, पाचव्या दिवशी पंखा लागतो. आमच्याकडे शाल असते ती सत्काराची. ती नारळासोबत येते, खांद्यावर पडते, फोटो निघाला की काखेत जाते आणि मग कुणाच्या तरी कपाटात पुढच्या सत्काराची वाट बघत बसते. घडी न मोडता अर्धा तालुका फिरून आलेल्या शाली मी बघितल्या आहेत. आमच्या एका माजी सरपंचाला तर त्याने स्वतःच दिलेली शाल परत मिळाली होती. त्याने ती ओळखली, हसला आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या गळ्यात मारली.

मी अजय, मसुऱ्यात रिक्षा चालवतो. रिक्षात बसल्यावर माणूस घरच्यापेक्षा जास्त बोलतो, म्हणून मला गावातलं बरंच काही ठाऊक असतं. पण शेवंतीकाकी दुखंडेची गोष्ट मला नुसती ठाऊक नाही, ती मी स्वतः चालवली आहे.

शेवंतीकाकी म्हणजे सडपातळ, तोंडाने तिखट आणि बोटांनी मऊ. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. ब्लाउजच्या खांद्याशी कायम एक सुई टोचलेली आणि तिच्याभोवती रंगीत दोरा गुंडाळलेला, त्यामुळे तिच्या शेजारी बसताना आधी सुई कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. अख्ख्या पंचक्रोशीतल्या लग्नांची रुखवतं काकीच्या हातची. उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, दारावरची तोरणं, सगळं ती भरून द्यायची. लग्नात ते मांडलं जायचं आणि वर पाटी लागायची, ‘कु. रश्मी हिच्या हातचे’. आता ती रश्मी मला माहीत आहे. तिला सुईत दोरा ओवायला सांगितला असता तर तिने आधी मोबाइलवर व्हिडिओ शोधला असता. काकी मुकाट्याने रुखवताशी उभी राहायची, कोपऱ्यात कुठेतरी बोट फिरवायची आणि जेवायला जायची.

त्या कोपऱ्यात मुंगी असायची. आंब्याच्या झाडावर असते तसली तांबडी, कडकडून चावणारी. काकीच्या प्रत्येक कामात ती एक तरी असतेच, मापाने आणि रंगाने हुबेहूब. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “माका माझा नाव घालूक कोण देतला रे? मुंगी घातली तर कोण काय म्हणतला? मुंगी खंयव चढता.”

मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

तर, अशाच एका लग्नात पिंगुळीची प्राजक्ता टेबलक्लॉथवरची मुंगी झटकायला गेली आणि मुंगी हलेना. प्राजक्ता चित्रं दाखवत गोष्ट सांगणाऱ्या चित्रकथीवाल्या घरातली, कापडावर छपाई करायचं रीतसर शिकून आलेली. कुणी केलं, कुणी केलं, असं विचारत ती थेट काकीच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन उभी राहिली. पुढच्या खेपेला तिने एक शाल आणली. लोकर आणि रेशीम मिळून विणलेली, इतकी तलम की काकीने आधी हात पदराला पुसले आणि मगच ती धरली. गर्द निळ्या रंगावर छापलेलं मोठं झाड, त्यावर पक्षी, खाली हरणं, काठाला घोडे, सगळे चित्रकथीतले असतात तसे मोठ्या डोळ्यांचे. त्या छपाईवर काकीने भरतकाम करायचं आणि शाल मुंबईच्या प्रदर्शनात लागायची. एकच नग, तसला दुसरा नाही.

“आणि काकी, शालीखाली पाटी लावतलंय,” प्राजक्ता म्हणाली. “छपाई माझी, भरतकाम तुमचा. तुमचा नाव, गावाचा नाव, सगळा.”

काकी उठली. आत गेली आणि चहा घेऊन आली. मीही होतो तिथे. चहात साखरेऐवजी मीठ होतं आणि प्राजक्ताने आणि मी तो गुपचूप प्यायला.

गणपतीनंतर काम सुरू झालं ते पुढच्या जानेवारीपर्यंत चाललं. पक्ष्यांच्या पंखांना साखळी टाका, हरणांच्या पाठीवर गाठीचे ठिपके, झाडाच्या पानांत एवढे हिरवे की मी मोजायचं सोडून दिलं. काकी शालीशी बोलायची. एखादा घोडा मनासारखा झाला नाही तर त्याला शिव्या घालायची आणि उसवून परत भरायची. सव्वीस जानेवारीच्या आदल्या संध्याकाळी तिने शेवटचा टाका घातला. अर्थात मुंगीचा, वरच्या पानावर, डाव्या खांद्याला येईल अशी. दुसऱ्या दिवशी प्राजक्ता संध्याकाळच्या गाडीने कुडाळहून मुंबईला निघणार होती आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी प्रदर्शन उघडणार होतं.

इथे आमचे धोंडूकाका येतात. काकीचे यजमान आणि गावाच्या सत्कार समितीचे तहहयात कार्यवाह. कुणाचं पोर दहावी झालं, कुणाची बदली झाली, कुणाची बदली रद्द झाली, काकांनी सत्कार केलाच समजा. समितीच्या शाली त्यांच्याच घरी, कपाटाच्या वरच्या फळीवर, एकेक प्लास्टिकच्या पिशवीत. काकीने शाल इस्त्री केली आणि मांजराच्या भीतीने वरच्या फळीवर ठेवली. पिशवीही काकांच्याच गठ्ठ्यातली घेतली, घरात तेवढीच एक स्वच्छ होती म्हणून. पुढचं काय झालं असेल ते सांगायची गरज आहे का?

झेंडावंदन आटोपून मी रिक्षाला लावलेला छोटा झेंडा सरळ करत होतो, तेवढ्यात काकी धावत आली. पायात चप्पल नाही, एका हातात फळीवर उरलेल्या समितीच्या किरमिजी शालीची पिशवी आणि दुसऱ्या हातात काकांची बाही.

“रे अजय, रिक्षा चालू कर! ह्या माणसान माझी शाल त्या साळसकराच्या अंगार घातल्यान!”

“अंगार नाय गो,” काका म्हणाले, “खांद्यार.”

मी काकांकडे बघितलं. माणसाने कधी गप्प बसावं हे काकांना आयुष्यात कळलेलं नाही.

साळसकर साहेब म्हणजे निवृत्त अधिकारी. कसले, ते कुणाला नीट माहीत नाही, पण पाहुणे म्हणून त्यांना मागणी फार. सव्वीस जानेवारीला तर एका गावात नारळ आणि दुसऱ्या गावात भाषण. मिळालेली शाल ते कधी घरी नेत नाहीत. नवीन शाल उंबऱ्याच्या आत आली तर मी बाहेर जाईन, असं त्यांच्या बायकोने बजावलंय म्हणतात. म्हणून ते एका गावची शाल पुढच्या गावात ज्याचा सत्कार असेल त्याला घालतात. म्हणजे आमच्या शालीला पाय फुटले होते आणि तिने साहेबांबरोबर मालवणच्या वाचनालयाची वाट धरली होती. फोन लावला तर बंद. साहेब भाषण करताना फोन बंद ठेवतात आणि त्या दिवशी ते दिवसभर भाषणच करत होते.

मी रिक्षा अशी सोडली की काका मागच्या मागे आपटले. काकी त्यांच्याशी बोलत नव्हती. जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत.

“अजय, तुझ्या काकाक इचार, शाल घालताना हाताक काय लागला नाय? एवढी नक्षी, एवढे टाके?”

“अजय, तुझ्या काकीक सांग, मी शालीकडे बघी नाय, मी फोटोवाल्याकडे बघी होतंय.”

“अजय, तुझ्या काकाक सांग, आज गाडी चुकली तर जेवण करून घेवचा. आपल्या हातान. जन्मभर.”

काका घाबरले. ते घाबरले की देवाला गाऱ्हाणं घालतात. त्यांनी हात जोडले आणि धावत्या रिक्षात, खड्ड्यांच्या तालावर सुरुवात केली. “आई भराडी देवी, आज ह्या तुझ्या लेकराची जी काय शाल माझ्या हातसून गेलेली आसा, ती जंय आसात थंयसून परत आमच्या हाताक लागू दी, त्या साळसकराची गाडी खंय तरी अडकून पडू दी...”

“व्हय म्हाराजा!” मी रिवाजाप्रमाणे ओरडलो. आणि मागून, रागातच, पण स्पष्ट, काकीचा आवाज आला, “व्हय म्हाराजा.”

साहेबांची गाडी नाही, आमचीच अडकली. जोडून सुट्ट्या आलेल्या, मालवणात पर्यटकांच्या गाड्या एकीला एक लागलेल्या. भरडाच्या नाक्यावर कोण पुढे जाईना, कोण मागे होईना. मी रिक्षा एका बोळात घातली, दुसऱ्या बोळातून काढली, एका मासळीच्या टेम्पोवाल्याच्या आईबापांचा उद्धार केला आणि वाचनालयापाशी पोचलो. आत कार्यक्रम चालू होता. स्टेजवर एक निवृत्त पोस्टमास्तर बसलेले आणि त्यांच्या खांद्यावर निळी शाल!

काकी कुणाला विचारायला थांबली नाही. ती थेट स्टेजवर चढली आणि पोस्टमास्तरांच्या खांद्यावरची शाल उचलून फडकन उलगडली. आत काही नाही. साधी निळी शाल, एका टोकाला दुकानाचं लेबल. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग, त्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी काकीच्या हातात गुलाबाचं फूल दिलं. समोर माइक दिसताच काकांना राहवेना. “आदरणीय व्यासपीठ, उपस्थित मान्यवर आणि रसिकहो...” एवढं शुद्ध बोलून झालं होतं, तेवढ्यात काकीने त्यांना मागे ओढलं.

ही शाल वाचनालयाने स्वतःच आणली होती आणि साहेब पाचच मिनिटांपूर्वी निघाले होते. धामापूरच्या अलीकडे एका वाडीतल्या शाळेत स्नेहसंमेलन होतं, तिथे. आणि हो, मसुऱ्याहून आलेली शाल ते तिथेच घालणार होते, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या हौसाबाईंना. त्या बाई आता काम सोडणार, त्यांचा निरोप होता.

“गावली!” मी म्हणालो. “आणि कुडाळच्याच वाटेर आसा. शाल घेवची आणि सरळ स्टेशनार.”

काकीने गुलाबाचं फूल माझ्या आरशाला खोचलं. मग वाटभर ती साहेबांना काय काय बोलणार याची उजळणी करत होती. ते शब्द मी इथे लिहीत नाही. रिक्षा चौके गाव मागे टाकून पळत होती, दोन्ही बाजूंनी आंब्याला मोहोर आलेला, आणि मला स्वतःला असं वाटत होतं की मी आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी खरोखर निघालोय. खोटं कशाला बोलू, मजा येत होती.

शाळेसमोर मांडव घातलेला. पोरं पुढे सतरंजीच्या पट्टीवर, पालक मागे खुर्च्यांवर. साळसकर साहेब माइकसमोर उभे राहून देशाच्या जडणघडणीवर बोलत होते आणि त्यांच्या मागे खुर्चीत हौसाबाई बसली होती. साठीची, काळीसावळी, हात मोठ्या पळ्या फिरवून दणकट झालेले. आणि तिच्या अंगावर ती शाल. मी शपथेवर सांगतो, सकाळपासून त्या शालीची घडी कुणी मोडली नव्हती. हौसाबाईने मोडली होती. तिने ती पूर्ण उलगडून दोन्ही खांद्यांवरून, छातीवरून, अगदी गुडघ्यापर्यंत पांघरली होती. उकाड्यात घाम गाळत बसली होती, पण शाल काढायचं नाव नाही.

काकी मांडवाच्या दोरीशी पोचली आणि तिथेच थांबली.

कारण हौसाबाई डाव्या खांद्यावरची मुंगी झटकत होती. आधी बोटाने टिचकी मारली. मुंगी गेली नाही. मग फुंकर घातली. मग चिमटीत धरायला गेली. पुढच्या रांगेतली पोरं खुसुखुसु हसायला लागली. एक पोरगी ओरडली, “मावशे, मुंगी!”

“बघलंय गो,” हौसाबाई म्हणाली, “पण मेली जाता नाय!”

ते माइकवर ऐकू गेलं आणि सगळा मांडव हसला. साहेबांचं भाषण थांबलं. हौसाबाईने खांदा डोळ्यांजवळ ओढला, अंगठ्याने चाचपलं आणि तिचा चेहराच बदलला.

“अगो बाय... ही शिवलेली आसा!”

तिने शालीचं टोक मांडीवर उलटं केलं, मागच्या गाठी बघितल्या, परत सुलटं केलं. मग एका पक्ष्यावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या. मान वर करून तिने साहेबांना विचारलं, “कोणी केल्यान ह्या?”

साहेब गडबडले. “हे ना... हे सगळं आजकाल यंत्रावर होतं.”

“यंत्रार नाय!”

मांडवातली सगळी डोकी मागे वळली. काकी दोरीखालून वाकून आत आली होती, अनवाणी, केस सुटलेले. “यंत्रार नाय. मी केलंय.”

हे दोन शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. इतक्या लग्नांत तिला रुखवतापाशी उभी असलेली बघितली, पण ‘मी केलंय’ असं ती कधी म्हणाली नव्हती.

ती स्टेजवर गेली. वाटभर घोकलेलं सगळं ती विसरली असावी, कारण साहेबांकडे तिने बघितलंसुद्धा नाही. हौसाबाईपुढे उकिडवी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “हौसाबाय, चूक आमची झाली. ही शाल आज मुंबयक जावची होती. पण आता तुमच्या अंगार पडली, ती तुमची. माका फक्त एकदा बघूक होई होती.”

माझ्या शेजारी काकांनी कपाळाला हात लावला. मी घड्याळाकडे बघितलं आणि मग बघायचं सोडलं.

“मुंबयक कित्याक?” हौसाबाईने विचारलं.

“थंय शालीखाली माझा नाव लावतले.”

हौसाबाई पुढे झुकली. “पोरांची एक पिढी माझ्या हातचा खाऊन मोठी झाली. माझा नाव आज पयल्यांदा कोणी माइकार घेतल्यान. तुझा अजून कोणी घेवक नाय?”

काकीने मान हलवली.

हौसाबाई उठली. तिने शाल अंगावरून काढली, जमेल तशी घडी घातली आणि काकीच्या हातात दिली. काकांनी लगेच हातातली किरमिजी शाल पुढे केली, तर तिने ती हाताने बाजूला सारली. “ही तुमचीच ठेवा. शाल घेवन मी काय करू ह्या उकाड्यात? माका मुंगी होई.”

“काय?”

“मुंगी. ह्या माझ्या पदरार. आत्ता.”

काकी एवढी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. खांद्यावरची सुई निघाली. दोरा तांबडाच होता, कारण शेवटचा टाका मुंगीचाच घातला होता ना! हौसाबाई खुर्चीत, काकी खाली, काकांनी पदर दोन्ही हातांनी ताणून धरलेला, आणि दोऱ्याचं मोकळं टोक साळसकर साहेबांच्या हातात. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी ते आपणहून धरलं. पोरं स्टेजवर चढून भोवती दाटली. “पाय झाले!” “आता मिशी!” असं एकजण ओरडून मागच्यांना सांगत होता. मी बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजवत होतो, पण त्या गोंगाटात मला कोण विचारतो?

मुंगी झाली. हौसाबाईने तिच्यावर फुंकर घातली. मुंगी हलली नाही. मांडवात अशा टाळ्या पडल्या की साहेबांच्या भाषणांना वर्षभरात मिळून पडल्या नसतील.

कुडाळपर्यंत मी रिक्षा कशी नेली ते माझं मला माहीत. प्राजक्ता स्टेशनच्या पायरीवर उभी होती, रडवेली. गाडी लागलेली होती. काकीने शाल तिच्या हातात कोंबली, प्राजक्ता धावली, डब्यात चढली आणि गाडी हलली. शालीला थोडासा घामाचा आणि खिचडीचा वास लागला होता, असं तिने नंतर फोनवर सांगितलं. रात्रभर तिने ती बर्थवर पसरून ठेवली होती.

परतीच्या वाटेवर काकी काकांशी बोलली. “भूक लागली काय?” एवढंच. काकांना तेवढ्यानेच भरून आलं.

दोन दिवसांनी माझ्या मोबाइलवर प्राजक्ताचा फोटो आला, कारण काकीचा मोबाइल साधा. मी रिक्षा बाजारातून वळवून काकीच्या खळ्यात नेली. काका तिथेच सुपारी कातरत बसले होते. फोटोत पांढऱ्या भिंतीवर आमची शाल होती, झाड, पक्षी, हरणं सगळी नीट. समोर एक मुंबईची बाई उभी होती, हातात सोन्याच्या बांगड्या, आणि तिचं बोट मुंगी झटकायला पुढे आलेलं.

“फसली!” काकी टाळी वाजवून म्हणाली. “मुंबयवाली पण फसली!”

मग तिने खाली पाटीकडे बोट दाखवलं. “वाच रे.”

काकी सातवी शिकलेली आहे. देवळातली वर्गणीदारांची पाटी ती चष्म्याशिवाय वाचते. तरी मी वाचलं. “भरतकाम, शेवंती दुखंडे, मसुरे.”

“परत वाच.”

मी परत वाचलं, जरा मोठ्याने. काका सुपारी कातरायचे थांबले. शेजारच्या खळ्यातून कुणीतरी विचारलं, काय झाला गो? काकी खांबाला टेकून, डोळे मिटून बसली होती.

“हळू कित्याक वाचतंस?” ती म्हणाली. “तेंका आयकाक येवक नाय.”

मी खळ्याच्या मधोमध उभा राहिलो आणि वाडीभर ऐकू जाईल असं तिचं नाव वाचलं.